दारूबंदी आणि अमेरिकेची बिअर

वर्धा जिल्ह्यात राहून बिअरवर लेख लिहिणे म्हणजे आळंदीच्या घाटावर बसून मटणाच्या रश्श्याची चर्चा करणेच होय. गांधीजी १९३४ साली वर्ध्यास आले आणि १९३६ साली शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहू लागले. त्या स्मृतीखातर १९७४ पासून आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे. बोर धरणाच्या वाटेवरचे आमचे हिंगणी गावही अर्थातच त्यात आले. तेव्हा वाचकांनी आधीच समजून घ्यावे की, मी येथे कोणास पिण्याचा उपदेश करणार नाही. दारूने बसलेली घरे मी शिक्षक या नात्याने जवळून पाहिली आहेत. वर्गात पेंगणाऱ्या मुलास कारण विचारावे तर तो मान खाली घालतो. कारण सगळ्या वर्गाला ठाऊक असते. मला सांगायचे आहे ते निराळेच. बंदी आली म्हणजे पिणारा कोठे जातो याचा हिशेब पुष्कळांनी मांडला आहे. करणारा कोठे जातो, याचा मात्र फारसा कोणी मांडत नाही.

हा प्रश्न माझ्या मनात आला तो पुण्यात, एका मे महिन्यात. एका जुन्या विद्यार्थ्याने मला, जेथल्या तेथे बिअर तयार होते अशा ठिकाणी आग्रहाने नेले. काचेपलीकडे पोलादी पिंपे उभी होती. तेथे मी अमेरिकन धर्तीची ‘पेल एल’ चाखली. पहिला घोट कडू लागला. पण तो कडूपणा कारल्याच्या भाजीसारखा, मागाहून आवडू लागणारा. पाठोपाठ पपनस सोलताना सुटतो तसा वास आला. यात फळ कोणते घातले आहे, असे मी विचारले. बिअर करणारा तरुण समोरच उभा होता. तो म्हणाला, “फळ नाही सर, ही हॉपच्या वेलीची फुलं.” मग त्याने सारी कृती सांगितली. जव भिजवून मोड आणायचे, वाळवून भरडायचे, ऊन पाण्यात त्यांची गोडी उतरवायची, तो रस हॉपच्या फुलांसह उकळायचा, निववायचा आणि यीस्ट घालून आंबवायचा. उन्हाळ्यात ज्वारीची आंबील करणाऱ्या आमच्याकडच्या बाईला हे समजावून सांगायला पाच मिनिटेही लागणार नाहीत.

घरी आल्यावर मी त्या पेल्याचे कुळ शोधू लागलो, आणि आश्चर्य असे की, त्याची एक शाखा आपल्याच किनाऱ्याला येऊन लागली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसन नावाच्या व्यापाऱ्याची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्यास येत असे. प्रवास महिनोन् महिने चाले. हॉप जास्त घातली की बिअर टिकते, म्हणून या मालात ती सढळ हाताने पडे. पुढे तिलाच ‘इंडिया पेल एल’ हे नाव मिळाले. साहेब गेला, ती चवही मागे पडली. आणि ती पुन्हा जागी केली ती अमेरिकेने.

पण अमेरिकेची स्वतःची कहाणी आधी ऐकण्यासारखी आहे. १८७३ साली त्या देशात चार हजारांवर बिअरचे कारखाने होते. जर्मनीहून आलेली कुटुंबे गावोगाव आपापल्या रीतीने बिअर करीत. १९२० साली तेथे देशभर दारूबंदी आली आणि १९३३ साली उठली. अवघी तेरा वर्षे! पण तेवढ्यात लहान कारखानदार बुडाले, त्यांची भांडी मोडीत गेली, मुले दुसऱ्या धंद्याला लागली. बंदी उठल्यावर उरले ते मोठे भांडवलदार. १९७०-८० च्या दशकाच्या अखेरीस कारखान्यांची संख्या शंभराच्या आत आली होती, आणि बहुतेकांची बिअर एकाच पाणचट चवीची होती. दारू परत आली. विद्या परत आली नाही.

ती आणली हौशी माणसांनी. १९६५ साली फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने सॅन फ्रान्सिस्कोतला ‘अँकर’ हा बुडता कारखाना हाती घेतला. जॅक मॅकऑलिफ हा नौदलातला माणूस स्कॉटलंडात इंग्रजी बिअर चाखून आला होता. त्याने १९७६ साली डेअरीतली जुनी भांडी जोडून आपला छोटा कारखाना उभारला. तो १९८२ साली बंद पडला, पण वाट पडली. घरी बिअर करणे तर बंदी उठल्यावरही गुन्हाच राहिले होते; १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केली तेव्हा ते मोकळे झाले. दोन वर्षांनी केन ग्रॉसमन याने कॅलिफोर्नियातल्या चिको गावी ‘सिएरा नेव्हाडा’ सुरू केली आणि तिच्यात अमेरिकेतच तयार झालेली ‘कॅस्केड’ जातीची हॉप घातली. मला आलेला पपनसाचा वास या जातीची खूण आहे. आज त्या देशात नऊ हजारांहून अधिक कारखाने आहेत.

ती लाट महाराष्ट्रात आली २००९ साली, पुण्याच्या ‘डूलाली’बरोबर. हे नाव आपल्या देवळालीचे. तेथील छावणीत मायदेशीच्या जहाजाची वाट पाहून गोरे शिपाई भ्रमिष्टासारखे होत. त्यावरून इंग्रजीत वेडसर माणसास ‘डूलाली’ म्हणू लागले. पुढे २०१३ साली मुंबईत लोअर परळला एका अमेरिकन गृहस्थानेच असा छोटा कारखाना काढला.

आता आमच्याकडे पाहा. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले टपटप गळतात. ती वाळवून खातात, गुराढोरांना घालतात आणि त्यांची दारूही गाळतात. १८९२ साली मुंबई सरकारने कायदा करून ठाणे-कुलाबा भागात ठरावीक मापाहून अधिक फुले घरी ठेवणे हाच गुन्हा ठरवला. महाराष्ट्रात फुले गोळा करण्यावरची, नेण्यावरची बंधने सैल झाली ती २०२१ साली. दरम्यान, गाळणारा अंधारात गेला. अंधारात गेलेल्या कारागिराला नाव नसते, आणि नाव नसले की लाजही उरत नाही. पुण्याचा तरुण पेल्यामागे उभा राहून उत्तर देत होता. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, त्या पेल्यामागे तोंड दाखवणारा कोणी नव्हता.

म्हणून वर्ध्याची बंदी उठवा, असे मी म्हणत नाही. नवऱ्याच्या दारूपायी पोरे उपाशी निजवलेल्या बाईपुढे ते म्हणण्याची माझी छाती नाही. पण बंदी दारूवर असावी, जाणतेपणावर नव्हे. मोह कोणत्या झाडाचा गोड, फुले कशी वाळवावीत, कोणत्या आजारात ती द्यावीत, हे ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या अजून आमच्या भागात आहेत. त्यांचे बोलणे कोणीतरी लिहून घ्यावे. अमेरिकेची विद्या मोडली तेव्हा तिला इंग्लंड-जर्मनीकडून उसनी आणता आली. मोहाची विद्या मोडली, तर आपण ती कोणाच्या दारी मागायला जाणार?