स्वपरागण

फुलातील परागकण त्याच फुलाच्या किंवा त्याच झाडावरील दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर पडणे याला स्वपरागण म्हणतात. यातला दुसरा प्रकार दिसतो परपरागणासारखा, म्हणजे दुसऱ्या झाडाचा पराग मिळाल्यासारखा. मधमाशी एका फुलावरून दुसऱ्यावर जाते, पण झाड एकच असल्याने आनुवंशिकदृष्ट्या फरक पडत नाही. एखाद्या जातीत स्वपरागण व परपरागण किती प्रमाणात होते आणि फुलाच्या कोणत्या रचनेमुळे ते प्रमाण टिकते, या सर्वांना मिळून त्या जातीची प्रजनन व्यवस्था म्हटले जाते. पाठ्यपुस्तके वनस्पतींचे दोन कप्पे पाडतात. प्रत्यक्षात पुष्कळ जाती दोन्ही मार्ग हाताशी ठेवतात.

पावसाळ्यात निंदणी करणाऱ्यांना नकोसा झालेला केना (कॉमेलिना बेंगालेन्सिस) याचे उत्तम उदाहरण आहे. जमिनीवर त्याला निळी फुले येतात आणि ती कीटकांसाठी उघडतात. त्याच झाडाच्या मातीत शिरलेल्या फांद्यांवर फिकट फुले धरतात, ती कधीच उघडत नाहीत. बंद कळीतच परागण आणि फलन उरकते. वरचे बी लहान व संख्येने जास्त, खालचे मोठे व मोजके. वरचे बी दूर पसरू शकते, तर खालचे जिथे आईचे बस्तान बसले तिथेच रुजते. खुरप्याने वरचा भाग काढला तरी केना पुन्हा उगवतो, त्यामागे तुटलेल्या कांड्यांना मुळे फुटण्याइतकाच या भूमिगत बियांचाही हात आहे. भुईमुगाचे प्रकरण वेगळे आहे. त्याची पिवळी फुले जमिनीवरच येतात, तिथेच बहुतांशी स्वपरागण होते, आणि नंतर आऱ्या मातीत उतरून शेंगा पोसतात.

गुलबक्षी आधी वाट पाहते. संध्याकाळी फूल उमलते आणि रात्री पतंग येतात. कोणी आले नाही तर फूल मिटताना पुंकेसर व कुक्षीवृंत एकत्र गुंडाळले जातात आणि स्वतःचाच पराग कुक्षीला लागतो.

स्वपरागणाचा सरळ फायदा म्हणजे खात्री. दूरच्या बेटावर एकच बी पोहोचले, तरी स्वपरागित झाडाची वसाहत तिथे उभी राहू शकते, हा विचार हर्बर्ट बेकर यांनी 1955 मध्ये मांडला. त्याआधी, 1941 मध्ये, रोनल्ड फिशर यांनी हिशेबाची बाजू दाखवली होती. स्वपरागण करणारे झाड आपल्या बियांची आई आणि बाप दोन्ही असते, शिवाय उरलेल्या परागाने इतरांच्या बियांचाही बाप होऊ शकते. हा लाभ इतका मोठा आहे की सगळ्याच वनस्पती स्वपरागित का झाल्या नाहीत, हाच खरा प्रश्न ठरतो.

त्याचे उत्तर अंतःप्रजननाने होणाऱ्या ऱ्हासात आहे. प्रत्येक स्वपरागित पिढीत भिन्न जनुकरूपांच्या जोड्या निम्म्याने घटतात, आणि जोडीदाराच्या आड लपलेले सदोष जनुक उघडे पडतात. चार्ल्स डार्विन यांनी आयपोमिया परप्युरिया या वेलीच्या दहा पिढ्या वाढवून स्वपरागित आणि परपरागित रोपांची उंची मोजली; सरासरी प्रमाण 77 ला 100 असे आले. हे काम 1876 च्या त्यांच्या ग्रंथात आहे. मात्र सहाव्या पिढीत एका स्वपरागित वेलीने परपरागित प्रतिस्पर्ध्याला मागे टाकले. डार्विन यांनी तिचे नाव ‘हीरो’ ठेवले आणि निष्कर्षाला बाधणारी असूनही तिची नोंद लपवली नाही. आजच्या समजुतीनुसार, दीर्घ काळ स्वपरागित राहिलेल्या वंशात घातक जनुक बरेचसे गाळले जातात, म्हणून तिथे ऱ्हास कमी दिसतो. गहू पिढ्यान् पिढ्या स्वतःशीच जुळून धडधाकट राहतो, तर मक्याची स्वपरागित संतती काही पिढ्यांतच खुरटते.

स्वपरागण टाळण्याच्या युक्त्या अनेक. बाजरीत कुक्षी आधी तयार होतात, कांद्यात परागकोश. मक्यात तुरा आणि कणीस वेगळे. जायफळात नर व मादी झाडेच निराळी. सर्वांत सूक्ष्म युक्ती म्हणजे स्व-असंगती, अर्थात स्वतःचा पराग ओळखून नाकारणे, आणि सपुष्प वनस्पतींच्या सुमारे निम्म्या जातींत ती असल्याचा अंदाज आहे. मोहरीच्या कुळात ओळख कुक्षीच्या पृष्ठभागावरच पटते आणि स्वतःचा परागकण रुजतच नाही. तंबाखूच्या कुळात तो रुजतो, पण त्याची नलिका कुक्षीवृंतात अडवली जाते. दशहरी आंबाही स्वतःचा पराग नाकारतो, म्हणून एकट्या दशहरीच्या बागेत फळधारणा कमी राहते.

शेतीत प्रजनन व्यवस्थेवरच बियाण्याचा सगळा व्यवहार ठरतो. भात, गहू, हरभरा, सोयाबीन यांचे सरळ वाण घरी राखता येतात. भात व गव्हाच्या बीजोत्पादनात दुसऱ्या वाणापासून 3 मीटर अंतर पुरेसे मानले जाते. कांद्याला ते शेकडो मीटर लागते. तूर आणि कापूस मधोमध आहेत. त्यांची फुले स्वतःहून शेंग किंवा बोंड धरतात, पण मधमाश्या भरपूर असल्या तर भेसळही होते, म्हणून घरच्या तुरीचे वाण हळूहळू बिघडते. नारळात एकाच जातीचे दोन स्वभाव आढळतात. कोकणातला उंच बाणवली मुख्यतः परपरागित, तर ठेंगू वाण बहुतांशी स्वपरागित असतात.

संकरित बियाणे करायचे तर स्वपरागणाचा बंदोबस्त आधी करावा लागतो. 1970 मध्ये सुरतला निघालेल्या ‘एच-4’ या संकरित कापसासाठी कळीतले पुंकेसर हाताने काढले जात. भाताच्या इवल्या फुलांना हा उपाय परवडत नाही, तिथे ज्यांचा पराग निकामी असतो असे नरवंध्य वाण मादी म्हणून वापरतात. कर्जतच्या संशोधन केंद्राचा ‘सह्याद्री’ हा संकरित भात याच पद्धतीचा. वाऱ्यावर विसंबण्याची सवय भाताला नसल्याने बीजोत्पादनाच्या शेतात ऐन फुलोऱ्यात नर ओळींवरून दोर किंवा बांबू फिरवून पराग उडवावा लागतो, आणि मादीची लोंबी पानाच्या आवरणातून पुरती बाहेर यावी म्हणून जिबरेलिक आम्ल फवारतात.