मालकाला न विचारता

२००४ च्या सुरुवातीची गोष्ट. जर्मनीतल्या राइनबर्ग या छोट्या गावात ‘मेट्रो’ या बड्या व्यापारी कंपनीचं ‘फ्यूचर स्टोअर’ होतं. उद्याचं दुकान कसं असेल हे दाखवण्यासाठी ते एप्रिल २००३ मध्ये थाटलं होतं. चीज, शाम्पू, रेझरची पाती अशा काही वस्तूंवर रेडिओ टॅग लावलेले होते आणि दुकान ते अभिमानाने दाखवत होतं. ते पाहायला अमेरिकेतल्या ग्राहक-कार्यकर्त्या कॅथरीन अल्ब्रेक्ट आल्या. त्यांनी आणि जर्मन कार्यकर्त्यांनी नंतर दुकानाचं ग्राहक-कार्ड तपासलं, तर त्याच्या पोटातही चिप निघाली. कार्ड ग्राहकाच्या नावावर होतं, पण चिपचा त्याला पत्ता नव्हता.

हे प्रकरण आज पुन्हा वाचावं असं मला वाटतं. कारण त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता: पैसे मोजून घेतलेली वस्तू पूर्णपणे आपली होते का?

आधी टॅग म्हणजे काय ते पाहू. एक बारीकशी चिप आणि तिला जोडलेला धातूचा पातळ अँटेना, एवढाच त्याचा संसार. दुकानातल्या टॅगमध्ये बॅटरी नसते. वाचकयंत्राने सोडलेल्या रेडिओ लहरींतूनच त्याला ऊर्जा मिळते आणि त्याच लहरींत बदल करून तो आपला क्रमांक परत पाठवतो.

या युक्तीचा पूर्वज हेरगिरीतला आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत मुलांनी अमेरिकी राजदूत हॅरिमन यांना लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. लिओन थेरेमिन या शास्त्रज्ञाने घडवलेलं एक यंत्र तिच्यात दडवलेलं होतं. त्याला ना तारा, ना बॅटरी. बाहेरून लहरींचा झोत टाकला की खोलीतलं बोलणं त्या लहरींवरून बाहेर जाई. १९५२ पर्यंत ते सापडलं नाही. पुढे १९७३ मध्ये मारिओ कार्डुलो यांना स्मृती असलेल्या टॅगचं अमेरिकी पेटंट मिळालं आणि त्याच दशकात लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत गुरं ओळखण्यासाठी टॅग करून पाहिले गेले.

दुकानाची पायरी हा टॅग चढला तो १९९९ नंतर. प्रॉक्टर अँड गॅम्बलमधले केविन ॲश्टन यांना एक कोडं सतावत होतं: गोदामात लिपस्टिक असते, मग दुकानाच्या फळीवर का नसते? एमआयटीत ‘ऑटो-आयडी सेंटर’ उभं राहिलं. संजय सरमा त्याच्या संस्थापकांपैकी एक. बारकोड ‘हा अमुक कंपनीचा साबण’ एवढंच सांगतो, एका जातीच्या सगळ्या वड्यांना एकच क्रमांक. या मंडळींनी आखलेल्या ९६ बिटांच्या क्रमांकात प्रत्येक वडीला स्वतंत्र ओळख देता येत होती. शिवाय बारकोड वाचायला तो डोळ्यासमोर धरावा लागतो. रेडिओ लहरी पिशवीतून, कापडातून आरपार जातात. व्यापाऱ्याची गरज खरी होती. अडचण दुकानाच्या दारापलीकडे सुरू होत होती.

मार्च २००३ मध्ये बेनेटनच्या कपड्यांत टॅग शिवले जाणार अशी बातमी आली. अल्ब्रेक्ट यांच्या ‘कॅस्पियन’ संघटनेने बहिष्काराची हाक दिली आणि काही आठवड्यांतच कंपनीने हात आखडता घेतला. त्याच वर्षी केंब्रिजमधल्या टेस्कोच्या दुकानात फळीवरून जिलेटचं पाकीट उचललं की कॅमेरा फोटो काढतो, असा प्रयोग उघडकीला आला. चोरी रोखायची म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोटो! तिथेही निदर्शनं झाली.

आता पुन्हा राइनबर्ग. चित्रपटांच्या झलका पाहणाऱ्याचं वय कळावं म्हणून कार्डात चिप आहे, असा मेट्रोचा खुलासा होता. दुकानात टॅग ‘बंद’ करणारं एक यंत्रही होतं. कार्यकर्त्यांनी तपासलं तेव्हा कळलं, की ते वस्तूचा क्रमांक पुसतं, पण चिपचा कारखान्यातून आलेला मूळ क्रमांक तसाच राहतो. म्हणजे वस्तूचं नाव विसरूनही टॅग हाकेला ओ देतच होता. अशा दोन-चार क्रमांकांची सांगड नावाच्या कार्डाशी एकदा घातली, की शाम्पूची बाटलीही माणसाची ओळखचिठ्ठी होते. फेब्रुवारीअखेर दुकानासमोर निदर्शनं ठरली. मेट्रोने कार्ड मागे घेत असल्याचं जाहीर केलं, तरी ती झालीच.

या भांडणांतून उपायही पुढे आले. सिम्सन गारफिंकेल यांनी २००२ मध्येच ग्राहकांच्या हक्कांची सनद मांडली होती. वस्तूत टॅग आहे हे कळण्याचा आणि खरेदीनंतर तो काढण्याचा वा बंद करण्याचा हक्क तीत होता. पुढच्या टॅगप्रणालीत कायमचं गप्प करण्याची आज्ञा समाविष्ट झाली. मे २००९ मध्ये युरोपीय आयोगाने शिफारस केली, की खासगीपणाला धोका असेल तिथे, ग्राहकाने संमती दिली नसेल तर, विक्रीच्या ठिकाणीच टॅग निष्क्रिय करावा. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. तरी ‘नको असेल तर तुम्ही सांगा’ इथून ‘हवं असेल तरच ठेवा’ इथवरचा हा प्रवास लहान नाही.

आपल्याकडे हा टॅग सर्वांच्या ओळखीचा झाला तो गाडीच्या काचेवर. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. रांगा कमी झाल्या, ही सोय मीही रोज उपभोगतो. पण शाम्पूचा टॅग गप्प करता येतो, फास्टॅगचं कामच ओळख सांगणं. तो गाडीच्या क्रमांकाशी आणि पैशांच्या खात्याशी जोडलेला असतो. टोल भरला का, एवढंच नाक्याला हवं असतं. मागे नोंद उरते ती कोणती गाडी, कुठे, किती वाजता, याची.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. तो हक्क प्रत्यक्षात उतरायचा, तर राइनबर्गच्या ग्राहकांसारखं कुणीतरी कार्ड उलटून पाहावं लागतं. आपल्या काचेवरच्या चिठ्ठीचं ही नोंद कोण ठेवतं, किती दिवस ठेवतं आणि कुणाला दाखवतं, हे विचारायला निदर्शनांचीही गरज नाही. टॅग कुणीही हाक मारली की उत्तर देतो. त्याच्या मालकाने निदान प्रश्न तरी विचारावा.