बूटस्ट्रॅप आणि आपली मराठी पाने

बूटस्ट्रॅप हा संकेतस्थळाचे तयार भाग (बटणे, अर्ज, मेनू, कार्डे) पुरवणारा विनामूल्य संच आहे. ट्विटरमधील मार्क ओटो व जेकब थॉर्नटन यांनी तो २०११ मध्ये सर्वांसाठी खुला केला.

मंडळाच्या पानांसाठी आम्ही तो एनपीएमने बसवतो. सीडीएनचा दुवा देऊनही काम भागते, पण मग सॅसमधील मूळ किमती बदलता येत नाहीत. मराठीसाठी त्या बदलाव्या लागतात. ओळीची उंची मुळात १.५ असते, आम्ही ती १.७ ठेवतो, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. हे बदल संचाच्या फायलींत करू नयेत. वेगळ्या फायलीत ठेवावेत, म्हणजे नवी आवृत्ती आल्यावर पुसले जात नाहीत.

एक गोष्ट मात्र हमखास राहते. बूटस्ट्रॅपचा आरंभीचा साचा जसाच्या तसा उचलला की पानाची भाषा ‘ईएन’च राहते. तिथे ‘एमआर’ लिहावे. देवनागरी आहे म्हणून ‘एचआय’ नको. नोटो सान्स देवनागरीसारखा फाँट ही खूण पाहूनच मराठी वळणाचे ल आणि श दाखवतो. आमच्या हे लक्षातच आले नव्हते. स्मरणिकेचे पान पाहून एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “मजकूर आपला आहे, पण हा ल आपला नाही.”