इंजिन बदललेल्या गाडीत सेन्सरवर येणारा आळ

जुन्या गाडीचे इंजिन जाम झाले, की ते बोअर करून पुन्हा बांधायचे की दुसऱ्या गाडीतून काढलेले चालू इंजिन आणून बसवायचे, हा प्रश्न भिलाईतल्या अनेक गाडीमालकांपुढे उभा राहतो. दिल्लीचे मायापुरी, मुंबईचे कुर्ला, चेन्नईचे पुदुपेट अशा बाजारांमुळे दुसरा मार्ग झटपट वाटतो. इंजिन बसते, सुरूही होते. पण चेक लाइट विझत नाही, सेल्फ लांबवावा लागतो, गाडी पिकअप घेत नाही. स्कॅनर लावला की पी०३३५, पी०३४० किंवा पी००१६ असा कोड दिसतो आणि निवाडा येतो : ‘सेंसर गया है, बदल दो.’ नवा सेन्सर बसतो, कोड परत येतो. मग दुसरा सेन्सर, शेवटी ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. या मताचे खंडन करणे मला अत्यावश्यक वाटते. त्यापायी मालकाचा पैसा जातो, चांगले भाग भंगारात जातात आणि मूळ दोष इंजिनात तसाच राहतो.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. पहिला युक्तिवाद असा, की स्कॅनर स्वतःच सेन्सरचे नाव सांगतो, मग शंका कशाला? दुसरा असा, की इंजिन त्याच मॉडेलचे आहे आणि टायमिंगच्या खुणाही जुळवल्या आहेत. म्हणजे राहिला सेन्सरच. तिसरा अनुभवाचा : सेन्सर बदलल्यावर कितीतरी गाड्या खरोखर सुधारल्या. तिन्ही युक्तिवाद कष्टाने हात काळे करणाऱ्या माणसांचे आहेत, म्हणून त्यांना उत्तरही तपशिलाने दिले पाहिजे.

पहिल्याचे उत्तर कोडच्या व्याख्येतच आहे. पी०३४० हा कोड कॅम सेन्सरच्या ‘सर्किट’विषयी बोलतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, तसाच त्याला येणारा व्होल्टेज, अर्थ (अर्थिंग), वायर आणि कपलर आहे. आणि सेन्सरपुढून फिरणारे चाक चुकीचे असेल तरीही इशारा बिघडतोच. पी००१६ तर कोणत्याही एका भागावर बोट ठेवत नाही. क्रँक आणि कॅम यांची परस्पर स्थिती ईसीयूच्या अपेक्षेशी जुळत नाही, एवढेच तो सांगतो. पट्टा एक दाता सरकला, चेन ताणली गेली, कॅमची वेळ पुढेमागे करणाऱ्या व्हीव्हीटी यंत्रणेत तेल अडले किंवा दुसऱ्याच आवृत्तीचे चाक बसले, तरी तो येतो. जो हेतू (इथे कोड) साध्य (इथे सेन्सरचा बिघाड) असतानाही दिसतो आणि नसतानाही दिसतो, त्याला न्यायशास्त्रात सव्यभिचार म्हणतात. त्यावरून अनुमान होत नाही. ‘कोड आला, म्हणून सेन्सर खराब’ हे अनुमान त्याच जातीचे आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक फसवा आहे. गाडीचे नाव एक म्हणून इंजिन एक, असे होत नाही. २००५ साली आलेल्या पेट्रोल स्विफ्टमध्ये १.३ लिटरचे, टायमिंग पट्ट्याचे इंजिन होते. २०१० पासून त्याच नावाच्या गाडीत १.२ लिटरचे, चेनवाले के-सीरिज इंजिन आले. इंजिनाचे कुळ एक असले तरीही तेच. फियाटचे १२४८ सीसी मल्टिजेट डिझेल इंजिन आपल्या पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावलाही तयार होत होते. ते फियाट पुंतोत होते, टाटा व्हिस्टात होते आणि मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरमध्येही. त्याची एक आवृत्ती साध्या टर्बोची, सुमारे ७५ अश्वशक्तीची. दुसरी बदलत्या भूमितीच्या टर्बोची, ९० अश्वशक्तीची. ब्लॉक ओळखीचा दिसला तरी टर्बो, सेन्सर आणि ईसीयूचा हिशेब वेगळा असू शकतो.

खरी मेख दातेरी चाकात असते. क्रँक सेन्सर ज्या चाकाकडे पाहतो, त्यावर पुष्कळदा ६० दात्यांची जागा असते आणि त्यांतले दोन गाळलेले असतात. म्हणजे एक दाता ६ अंशांचा, आणि त्या खिंडीवरून ईसीयू क्रँकची स्थिती ओळखतो. काही इंजिनांत ३६ पैकी एक दाता गाळलेला असतो. तिथे दाता १० अंशांचा. काही इंजिनांत हे चाक फ्लायव्हीलवरच असते, त्यामुळे फ्लायव्हील बदलले की इशाऱ्याची भाषाच बदलते. सेन्सरची जातही पाहावी लागते. दोन तारांचा कॉइलवाला सेन्सर स्वतः वीज निर्माण करतो, हॉल सेन्सरला बाहेरून पुरवठा लागतो. कॉइलवाल्याच्या तारा उलट जोडल्या तर इशारा उलटा होतो, ईसीयू खिंड चुकीच्या जागी वाचतो, आणि सेन्सर निर्दोष असूनही गाडी सुरू व्हायला त्रास देते.

आणि ‘खुणा जुळवल्या आहेत’ याचे काय? अनेक क्रँक पुल्यांच्या आतील तुंबा आणि बाहेरील कडे यांच्यामध्ये रबर असते. जुन्या पुलीत ते कडे रबरावरून घसरते आणि त्यावरची खूण खोटी ठरते. तिच्याशी टायमिंग जुळवणे म्हणजे चूक पक्की करणे. कित्येक डिझेल इंजिनांत तर टायमिंग खुणेवर न सोडता क्रँक आणि कॅम पिन घालून अडकवतात, ते याचसाठी.

आता साधे गणित. क्रँकच्या पुलीला २४ दाते असतील तर कॅमच्या पुलीला ४८ असतात, कारण कॅम निम्म्या वेगाने फिरतो. पट्टा एक दाता चुकला की क्रँकच्या हिशेबाने १५ अंशांचा फरक पडतो, म्हणजे ६० जागांच्या चाकावर अडीच दाते. दहा नवे सेन्सर लावले तरी हे अडीच दाते भरून निघत नाहीत.

तिसरा युक्तिवाद मी पूर्ण नाकारत नाही. जुना हॉल सेन्सर इंजिन तापल्यावर मुका होतो आणि थंड झाल्यावर पुन्हा बोलतो, हे खरे आहे. भिलाईच्या मे महिन्यात हा दोष लवकर उघडा पडतो. पण सेन्सर बदलताना कपलर निघून परत घट्ट बसतो, बॅटरी सोडल्याने कोड पुसले जातात, आणि अनेक कोड लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष दिसल्याशिवाय दिवा पेटवत नाहीत. गाडी गिऱ्हाइकाच्या हाती जाईपर्यंत दिवा विझलेला असतो, त्यालाच गुण आला असे समजले जाते.

खंडनानंतर मंडन. इंजिन बसवण्यापूर्वी जुने आणि आणलेले इंजिन शेजारी शेजारी ठेवा. दातेरी चाकाचे दाते मोजा, खिंड कुठे आहे ते पाहा, कॅमवरचे सेन्सरचे लक्ष्य आणि कपलरच्या पिना ताडून पाहा. शक्य तिथे गाडीचे मूळ चाक, सेन्सर, इनटेक आणि वायरिंग नव्या ब्लॉकवर चढवा आणि मूळ ईसीयू कायम ठेवा. इमोबिलायझरमुळे किल्ली आणि ईसीयू यांची जोडी ठरलेली असते; परका ईसीयू आणला तर एक अडचण वाढते.

बसवल्यावर पहिली नजर इंजिन आणि चॅसीमधल्या अर्थच्या पट्टीवर. ती विसरली तर सगळे सेन्सर चुकीचे बोलतात. मग चावी ऑन, इंजिन बंद. भिलाई समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. त्यामुळे इनटेकच्या प्रेशर सेन्सरने ऋतूनुसार ९६ ते ९८ किलोपास्कल दाखवले पाहिजेत. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी कूलंट आणि आत येणारी हवा यांची तापमाने जवळपास सारखी दिसली पाहिजेत. नसतील, तर मीटरच्या काट्यासाठीचा सेन्सर ईसीयूसाठीच्या सेन्सरच्या जागी गेला आहे का ते तपासा.

त्यानंतर यांत्रिक सत्य. पहिल्या सिलिंडरचा खरा टीडीसी, म्हणजे पिस्टनचे सर्वांत वरचे स्थान, डायल गेजने शोधा, पुलीची खूण त्याच्याशी ताडा, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा पाहा. शेवटी दोन चॅनेलच्या ऑसिलोस्कोपवर क्रँक आणि कॅमचे इशारे एकत्र घ्या आणि त्याच इंजिनाच्या निरोगी गाडीच्या आलेखाशी जुळवा. इशारा स्वच्छ पण सरकलेला असेल तर दोष टायमिंगचा किंवा चाकाचा. इशाराच नसेल आणि पुरवठा, अर्थ, वायर शाबूत असतील, तरच सेन्सर दोषी.

‘इतके मोजायला वेळ कुणाला, आणि गिऱ्हाईक पैसे देईल का?’ हा आक्षेप येईल. पण न मोजता घेतलेले दोन सेन्सर आणि एक ईसीयू यांचे पैसे गिऱ्हाईक देतच असते. शिवाय मोजल्याखेरीज पुढे जाऊ न देण्याचा संस्कार या गावाला नवा नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि आज इथले रूळ अल्ट्रासॉनिक तपासणीतून पार पडल्याशिवाय रेल्वेकडे जात नाहीत. तीच शिस्त गॅरेजमध्ये का नसावी?

तिची सुरुवात कागदावरून होऊ शकते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्याची खबर चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची असते. सीजी ०७ पाटीच्या गाडीलाही ते बंधन आहे. ज्या इंजिन क्रमांकाची नोंद तिथे होते, त्याच क्रमांकावरून आवृत्ती आणि वर्ष शोधता येते, म्हणून तो इंजिन विकत घेण्याआधीच तपासावा. आणि जॉब कार्डावर ‘सेन्सर बदलला’ एवढेच न लिहिता दात्यांची संख्या, टीडीसीची पडताळणी, प्रेशर आणि तापमानाचे आकडे लिहावेत. मालकाने ते मागावेत. आकडे लिहिलेले असतील तर पुढचा मिस्त्री तिथून पुढे जाईल. नसतील तर तोही पहिल्यापासून सेन्सरच बदलत बसेल.