संकेतस्थळ चालवताना : आपल्या नोंदी टिकवण्यासाठी

बाबासाहेबांचे ‘बहिष्कृत भारत’ १९२७ मध्ये सुरू झाले आणि १९२९ मध्ये पैशाअभावी बंद पडले. छापील अंक उरले, म्हणून ते आज वाचता येते. संकेतस्थळाचे तसे नसते. डोमेनची मुदत संपली की वेळापूरच्या भीमजयंतीचे वृत्त, फोटो सगळेच दिसेनासे होते. म्हणून आम्ही सुचवतो :

१. डोमेन मंडळाच्या नावे घ्या. पासवर्ड दोघांकडे ठेवा.

२. नूतनीकरणाचे पैसे जयंतीच्या वर्गणीतूनच बाजूला काढा.

३. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. नुसता पत्रकाचा फोटो टाकल्यास तो शोधताना सापडत नाही.

४. फोटोखाली गाव व तारीख लिहा.

५. दरमहा बॅकअप घ्या आणि तो उघडून पाहा.

६. वर्षातून एकदा निवडक मजकूर छापून विहारात ठेवा.

जय भीम!