सावंतवाडीच्या वाड्यांतील चितारी

राजवाडा म्हटला कीं तलवारी आणि तसबिरी डोळ्यांपुढें येतात. सावंतवाडीस मोती तलावाशेजारीं तिसऱ्या खेम सावंतांच्या काळचा जो जांभ्या दगडाचा वाडा आहे, त्याच्या दरबारांत मात्र चितारी बसून गंजिफा रंगवितात.

दशावतारी गंजिफेचीं पानें गोल, एकंदर १२०. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार आणि प्रत्येकाचीं बारा पानें: राजा, प्रधान व एक्क्यापासून दहापर्यंत. दिवसा डाव रामानें उघडावयाचा, रात्रीं कृष्णानें. चिंचोक्याच्या खळीनें घट्ट केलेल्या पानावर रंग, आणि वर लाखेचा लेप.

छापील पत्त्यांपुढें ही कला हरली. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, तेव्हां राजाश्रयहि आटला. १९७० नंतरच्या दशकांत शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनीं ती उचलून धरली. ती कशी, तें ऐकण्याजोगें आहे. आश्रयदात्यानें पैसा द्यावा आणि कारागिरानें राबावें, हा जुना रिवाज. येथें एका वृद्ध चिताऱ्यापुढें राजाराणी स्वतःच शिष्य होऊन बसलीं, आणि मग दरबारांतच तरुणांना ती विद्या मिळूं लागली. सत्वशीलादेवी २०१८ सालीं निवर्तल्या. कुंचले थांबले नाहींत. २०२४ सालीं या गंजिफेस भौगोलिक मानांकनहि मिळालें.

खेळणारे मात्र विरळाच. पुष्कळ संच दिवाणखान्यांतील कपाटांत जाऊन बसतात, हें मला खटकतें. परंतु कपाटाकरितां कां होईना, पानें रंगत आहेत, आणि कल्कीचा घोडा अजून हातानेंच काढला जातो.