विझली, पण निवली नाही

‘विझणे’ आणि ‘निवणे’ यांत मराठी माणूस घोळ घालत नाही. चूल विझते, तिच्यावरचं दूध निवतं. गंमत अशी, की ‘निवणे’ ज्या संस्कृत ‘निर्वा’पासून आलं, त्याचा अर्थ वाऱ्याने विझणे असाही होतो; ‘निर्वाण’ त्याचंच भावंड. संस्कृतात विझणं आणि गार होणं एकाच घरात नांदत होतं. मराठीने वाटणी केली आणि ‘निवणे’च्या पदरात फक्त गारवा टाकला. जीव निवतो, डोळे निवतात, तेही त्याच हिश्शातलं.

ही वाटणी अणुभट्टीपाशी फार कामाची. ११ मार्च २०११ला भूकंप झाला, तेव्हा फुकुशिमा दाइइचीच्या चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या काही क्षणांत विझल्या. नियंत्रक कांड्या आत गेल्या, विखंडनाची साखळी तुटली. पण भट्ट्या निवल्या नाहीत. विखंडनातून मागे राहिलेली किरणोत्सारी द्रव्यं उष्णता देतच राहतात: बंद केल्याक्षणी पूर्ण क्षमतेच्या सुमारे सहा-सात टक्के, तासाभराने दीड, दिवसाने अर्धा. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ. २,००० मेगावॅट उष्णतेच्या भट्टीत तो १० मेगावॅट भरतो. पाणी ओतून ही धग मरत नाही, पाण्याने ती फक्त वाहून नेता येते. त्यासाठीच्या पंपांना वीज पुरवणारी डिझेल जनित्रं त्सुनामीत बुडाली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

पंपाविनाही भट्टी निववता येते. काक्रापारच्या ७०० मेगावॅटच्या भट्ट्यांत तशी सोय आहे: बाष्पजनित्रातली वाफ उंचावरच्या टाकीत बुडवलेल्या नळ्यांत शिरते, तिथे तिचं पाणी होतं आणि ते आपल्याच वजनाने खाली परततं. इंग्रजी ‘पॅसिव्ह’चं बोट धरून याला ‘निष्क्रिय शीतलन’ म्हणायचं, हे मला काही रुचत नाही. निष्क्रिय असतं ते बँकेतलं विसरलेलं खातं. इथे तर वाफ आणि पाणी अहोरात्र येरझाऱ्या घालणार! ‘आपसूक निववणं’ म्हटलं तर काय बिघडेल?

एक अडचण आहे खरी. फुकुशिमाच्या १ क्रमांकाच्या भट्टीलाही असा कंडेन्सर होता. वाफ आपसूक वर जायची, पाणी आपसूक खाली यायचं. वाटेतल्या झडपा उघडायला मात्र वीज लागायची.